आमच्या घरातली तीन मतं

ही हकीकत मी इंग्रजीत बावीस वर्षं सांगत आले आहे. दर सप्टेंबरला बारावीची नवी पोरं माझ्या 'अमेरिकन गव्हर्न्मेंट'च्या वर्गात येऊन बसली की मी फळ्यावर एकतीस आणि तीस असे दोन आकडे लिहिते आणि म्हणते, एका मतानं काय होतं ते आज ऐका. पोरं फोन खाली ठेवतात. मग मी मंडळ, श्रीखंड, बुटांचं खोकं असं सगळं साग्रसंगीत सांगते आणि तासाची घंटा होते. फक्त त्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळते. तो सांगितला तर मतदानाचं महत्त्व शिकवणारी बाई म्हणून माझी उरलीसुरली अब्रू जाईल. म्हणून हे मराठीत लिहितेय. माझे विद्यार्थी मराठी वाचत नाहीत, आणि माझी स्वतःची मुलंही वाचत नाहीत, त्यामुळे तशी भीती नाही.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं आमचं घर आवाजांचं होतं. हिवाळ्यात तळघरातला फर्नेस धडधडत सुरू व्हायचा आणि जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवेबरोबर आईच्या फोडणीचा वास थेट माझ्या खोलीत यायचा. संध्याकाळी गराजचं दार वर गेलं की सगळं घर थरथरायचं, आणि आई काही न बोलता तवा चढवायची. बाबा आले. बाबा गाड्यांचे ब्रेक पेडल डिझाइन करायचे, अठरा वर्षं तेच. "सगळे गाडी पळवतात, मी थांबवतो," हा त्यांचा एकुलता एक विनोद, तो ते पाहुणे बदलले की पुन्हा सांगायचे. ड्रॉइंग बोर्डावर आयुष्य गेल्यामुळे अक्षर छापल्यासारखं, आणि काहीही लिहिलं की खाली दोन सरळ रेघा मारल्याशिवाय पेन ठेवायचे नाहीत. माणसाचं नाव लिहायचं तर आधी 'श्री.' हवंच. आमच्या फ्रिजवर प्लंबरचा नंबरसुद्धा 'श्री. माइक' या नावानं लावलेला होता.

आई याच्या उलट टोकाला. ती बाबांचं नावच घ्यायची नाही. माझ्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं नाव लिहायची वेळ आली की पेन माझ्या हातात द्यायची. "आई, एकविसावं शतक येतंय," मी म्हणायचे. "येऊ दे की. त्यालाही चहा टाकीन," ती म्हणायची. शनिवारी ती सावर क्रीम फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगून ठेवायची आणि रविवारी त्याचं श्रीखंड व्हायचं. तोवर त्या सिंकमध्ये कोणी भांडं विसळायचं नाही, असा घरात कायदा होता. घरात कायदे आईचे आणि चर्चा बाबांच्या. टीव्हीसमोर बसून बाबा दोन देशांच्या राजकारणावर तावातावानं बोलायचे, आणि मत त्यांना दोन्हीकडे नव्हतं. भारतातल्या यादीतून नाव गेलेलं. इथलं नागरिकत्व घ्यायची सोय होती, पण भारताचा पासपोर्ट परत करायला त्यांचा हात धजत नव्हता. आईचंही तेच. मी जन्मानं इथली, पण सतरा वर्षांची. एवढं राजकारण खाणाऱ्या घरात मत कोणालाच नव्हतं.

मत होतं ते एका ठिकाणी, मराठी मंडळात. पण मंडळात निवडणूक व्हायची नाही, जेवण व्हायचं. जेवण झालं, लोक सुस्तावले, की सेक्रेटरी सबनीसकाका माईकवर विचारायचे, "अध्यक्षपदासाठी अमुक अमुक यांचं नाव आलंय. आणखी कोणी?" आणखी कोणी नसायचंच. अमुक अमुक यांनी मग तीन वेळा "नाही हो, मी कशाला" म्हणायचं आणि चौथ्यांदा "तुमचा आग्रहच असेल तर" म्हणून उठायचं, अशी रीत होती. पानात तिसरी पुरी येते तेव्हा आपण हात आडवा धरतो, पण बोटांत फट ठेवतो, तसंच हे. नंबर लागायचा तो सेवेच्या क्रमानं. बाबांनी बारा वर्षं खुर्च्या लावल्या होत्या, हॉल बुक केले होते, गणपतीच्या वेळी पार्किंगमध्ये बर्फ उपसला होता. त्या वर्षी त्यांचा नंबर होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी भाषण ऑक्टोबरातच लिहून काढलं. आईसमोर म्हणून दाखवायची लाज वाटायची, म्हणून ते गराजमध्ये जाऊन, दार लावून, गाडीसमोर उभे राहून म्हणायचे. दार पातळ होतं. मी डायनिंग टेबलावर कॅल्क्युलस करत बसलेली असायचे आणि पलीकडून ऐकू यायचं: "इथे मला मत नाही. तिथल्या यादीतून माझं नाव गेलं. माझ्या नावापुढे मत आहे अशी जगात आता एकच जागा उरली, ती म्हणजे हे मंडळ." मग खाकरणं. मग, "माझी मुलगी इथे जन्मली. मत म्हणजे काय, ते तिनं इथे बघावं." मला ते जरा फिल्मी वाटायचं. आई पोळ्या लाटता लाटता थांबायची, वाक्य संपलं की पुन्हा लाटायला लागायची. नवे बूट आणले होते, नवा ब्लेझर आणला होता. आयुष्यात स्वतःसाठी काहीही न मागणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट हवी होती, आणि ती हवी आहे हे तो गाडीशिवाय कोणाला सांगत नव्हता.

आणि नेमका तेव्हाच मिस्टर हॉलिसनी असाइनमेंट दिली. मिस्टर हॉलिस आम्हाला गव्हर्न्मेंट शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, स्वेटरला कायम खडू लागलेला. मी आज वर्गात जे काही करते त्यातलं निम्मं त्यांची नक्कल आहे. ते म्हणाले, प्रत्येकानं एका खऱ्या निवडणुकीत काम करायचं आणि रोजनिशी ठेवायची. मुलं प्रचाराच्या ऑफिसात फोन करायला गेली, कोणी घरोघरी अंगणात पाट्या रोवायला गेली. मी घरी विचारलं. आई म्हणाली, "परक्यांच्या अंगणात पाट्या रोवायच्या? या थंडीत? तुझ्या बापाला तरी मत आहे का?" मुद्दा बिनतोड होता. मग मी मिस्टर हॉलिसना विचारलं की आमच्या मंडळाची निवडणूक चालेल का. "कॉन्टेस्टेड आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मेनूवरून वाद होतो. ते म्हणाले, दोन उमेदवार आणि गुप्त मतदान असेल तर चालेल.

मंडळाची घटना सबनीसकाकांच्या तळघरात, मखराच्या थर्माकोलखाली सापडली. पुण्यातल्या कुठल्याशा सोसायटीच्या नियमांवरून कोणीतरी ती उतरवलेली होती, कारण जिन्यात सायकली ठेवू नयेत असंही एक कलम त्यात होतं. मी ती पिवळ्या हायलायटरनं रंगवून काढली. दोन नावं आली तर गुप्त मतदान घ्यावे. सोळा वर्षांवरील प्रत्येक सभासदास मताचा अधिकार राहील. समसमान मते पडल्यास जुना सभासद निवडून आला असे समजावे. मला केवढा आनंद झाला. मला स्वतःला मत होतं आणि ते इतकी वर्षं थर्माकोलखाली पडून होतं. उरला प्रश्न दुसऱ्या उमेदवाराचा. तो मी स्वतः फोन करून मिळवला.

हेमंत पाटणकरकाका तीनच वर्षांपूर्वी आलेले, कंप्युटरवाले, जवळच्या नोव्हाय गावात राहायचे. त्यांना कोणी ना म्हणत नसे, इतके गोड बोलायचे. "काका, तुम्ही अध्यक्षपदाला उभे राहाल का? फक्त माझ्या असाइनमेंटसाठी. येणार बाबाच आहेत."

"अगं, मी कशाला? दातारसाहेबांपुढे मी कोण?"

"प्लीज, काका."

"नाही गं, बरं दिसत नाही ते. काल आलेला माणूस मी."

"काका, माझी ग्रेड आहे."

"नको गं, लोक काय म्हणतील?" मग जरा थांबून, "पण तू एवढा आग्रह करतेस, तर राहतो बापडा उभा."

तीन वेळा नाही आणि चौथ्यांदा हो. जन्मभर ही रीत बघितलेली मी, मला बोटांतली फट दिसली नाही. मी 'थँक यू, काका' म्हणून फोन ठेवला आणि रोजनिशीत लिहिलं की उमेदवार मिळाला.

घरी सांगितलं तेव्हा बाबा चक्क खूश झाले. "राहू दे की उभा. बिनविरोध काय, कोणीही येतं. पोरगी काहीतरी शिकतेय." आई फोडणीतून मान वर न करता म्हणाली, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण." त्यानंतरचे तीन आठवडे पाटणकरकाकांनी सगळ्या ट्रॉयला आणि नोव्हायला फोन केले. कार्यक्रम वेळेवर सुरू करीन म्हणाले. मुलांना मसालेभाताऐवजी पिझ्झा मागवीन म्हणाले. इकडे मी सोळा वर्षांवरच्या एकूणएक मुलांना फोन करून सांगत होते की बाबांनो, तुम्हाला मत आहे, तुमचा हक्क बजावा. त्यांनी पुढे तो पिझ्झ्यासाठी बजावला. बाबांनी एकही फोन केला नाही. मी म्हटलं, "बाबा, यू हॅव टू कॅम्पेन." ते म्हणाले, "बारा वर्षं बघतायत मला. मागायचं काय त्यात?"

सभा एका मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात होती. बुटक्या बाकांवर पैठण्या नेसून, खाली स्नो बूट घालून बायका बसल्या होत्या. मसालेभात, पुऱ्या, पॅनकेक मिक्सचे गुलाबजाम आणि आमच्या नळाला रात्रभर टांगलेलं श्रीखंड. निवडणूक अधिकारी मी, कारण जेवण सोडून टेबलाशी बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मतपेटी म्हणून बाबांच्या नव्या बुटांचं खोकं. कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, घडी करायची, टाकायची. आईनं पदराआड धरून लिहिलं. बाबा रांगेतून आले, माझ्यासमोर अदबीनं उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, पेन मिळेल?" इतके ऐटीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लिहून, चार घड्या घालून त्यांनी चिठ्ठी टाकली.

शेवटी माझी चिठ्ठी उरली. हाच तो तुकडा, जो मी वर्गात गाळते. मी माझ्या मनानं आठवडाभर आधीच ठरवलं होतं. निवडणूक अधिकाऱ्यानं कोणाची बाजू घेऊ नये, उमेदवार स्वतःचा बाप असेल तर मुळीच घेऊ नये. कोणत्याही घटनेत असं लिहिलेलं नव्हतं. मला ते आपलं शोभून दिसेल असं वाटलं, रोजनिशीत तर फारच. मी कोरी चिठ्ठी स्वेटरच्या खिशात घातली आणि खोकं उघडलं. इतकी न्यायी मी पुढे आयुष्यात कधी झाले नाही.

मोजताना एका चिठ्ठीवर निघालं, 'मृणालचे बाबा'. मृणाल मी. पाटणकरकाकांच्या एका दोस्तानं लगेच हरकत घेतली की हे काही नाव नव्हे. मी उभी राहून निकाल दिला की मतदाराचा हेतू स्पष्ट आहे, मत वैध. सगळा हॉल हसला. आई पानातल्या लोणच्याकडे बघत बसली. मग बऱ्याच चिठ्ठ्यांनंतर ती निघाली. छापल्यासारख्या अक्षरात 'श्री. हेमंत पाटणकर', आणि खाली दोन सरळ रेघा. मतपत्रिकेवर 'श्री.' लिहिणारा माणूस त्या हॉलमध्ये एकच होता. मी ती पाटणकरांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढची उघडली. पाटणकर एकतीस, दातार तीस. माझ्या खिशातली चिठ्ठी पेटीत पडली असती तर एकतीस-एकतीस, आणि समसमान मतं झाली तर जुना सभासद, म्हणजे बाबा. ते कलम मीच पिवळं केलं होतं. मी माईकवर जाऊन आकडे वाचले.

पहिली टाळी बाबांनी वाजवली. पाटणकरकाका उठले, आणि मग कळलं की एवढे फोन करणाऱ्या माणसानं भाषण काही आणलेलं नाही. ते माईकपाशी नुसतेच हसत उभे राहिले. तेव्हा बाबांनी ब्लेझरच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला, पुढे होऊन त्यांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "घ्या हे. मंडळाचंच आहे सगळं." पाटणकरकाका वाचायला लागले. इथे मला मत नाही. तिथल्या यादीतून माझं नाव गेलं. महिनाभर पातळ दारातून ऐकलेली वाक्यं मी दुसऱ्याच्या आवाजात ऐकत होते. "माझी मुलगी इथे जन्मली," त्यांनी वाचलं आणि अडखळले, कारण त्यांना दोन मुलगे होते. लोक हसले. बाबाही हसले. मी खोक्याचं झाकण लावत राहिले, ते नीट बसेना.

घरी येताना गाडीत आई पुढच्या सीटवर बसून बोटं मोजत होती. "एक मत. एका मतानं. आणि ते सुमतीचं." सुमतीकाकू म्हणजे सबनीसकाकांची बायको, आईची इथली पहिली मैत्रीण. तिनं आईला गाडी चालवायला शिकवली होती, माझ्या जन्माच्या वेळी डिंकाचे लाडू केले होते. "श्रीखंडाची वाटी घेताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही," आई म्हणाली, "तेव्हाच मी ओळखलं." मग मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि तू. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." बाबा रस्त्यावर नजर ठेवून म्हणाले, "जाऊ दे. गुप्त मतदान असतं ते." मी मागच्या सीटवर दोन गुपितं घेऊन बसले होते, एक बाबांच्या चिठ्ठीचं आणि एक माझ्या खिशातलं. एक जरी सांगितलं असतं तरी सुमतीकाकू वाचल्या असत्या. मी सांगितलं नाही. पहिलं बाबांचं होतं म्हणून, आणि दुसरं माझं होतं म्हणून. त्या दिवसापासून दोघींचा दर गुरुवारचा फोन बंद झाला. पुढे कुठे भेटल्या तर "काय, बरंय ना?" एवढंच. रोजनिशीला मला ए प्लस मिळालं. मिस्टर हॉलिसनी माझ्या तटस्थतेचं पान वर्गात वाचून दाखवलं.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी सुमतीकाकू आल्या होत्या. घरात डिशवॉशर असताना त्यांनी सिंकमधली सगळी भांडी हातानं घासली आणि कोणाशी न बोलता गेल्या. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. तोपर्यंत मी वर्गात सोळा वर्षं गुप्त मतदानाचे फायदे शिकवत होते.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, नोव्हायला माझ्या घराजवळच्या काँडोत राहतात. त्या सभेनंतरच्याच वर्षी त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज भरला होता, का ते कधी सांगितलं नाही. तेव्हापासून एकही निवडणूक सोडलेली नाही. आता घरी पोस्टानं मतपत्रिका येते. हात कापतो, पण उमेदवारांच्या नावांपुढचे लंबगोल स्वतःच भरायचे असतात, आणि वाचनालयाच्या मंडळापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येक माणसाचा अभ्यास करूनच. एक तास लागतो. मी त्यांना चहा करून देते आणि पाठ फिरवून बसते, कारण गुप्त म्हणजे गुप्त. गेल्या निवडणुकीला अशीच बसले होते, समोर खिडकी, मागे पेनची खरखर.

"मृणाल, तो शाळेचा हॉल आठवतो तुला?" बाबा म्हणाले. "तेव्हा माझं मत मी पाटणकरला दिलं होतं."

"माहितेय मला. तुम्ही 'श्री.' लिहिलं होतं."

ते हसायला लागले. "लिहिलं होतं का? अगं, स्वतःच्या पानात स्वतः वाढून घेतात का कधी? आधी समोरच्याला. आणि तुझं होतंच ना माझ्याकडे. माझं त्याला, तुझं मला, फिटंफाट. तरी एक कमी कसं पडलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही."

खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा कुत्रा पाचोळ्यात काहीतरी हुंगत होता. मी त्याच्याकडे बघत सगळं सांगितलं. अधिकारी होते म्हणून मत दिलं नाही, चिठ्ठी खिशात ठेवली, मला तसं करणं फार थोर वाटलं होतं. पेनची खरखर थांबली.

"त्या असाइनमेंटला काय मिळालं होतं तुला?" त्यांनी विचारलं.

"ए प्लस."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पेन पुन्हा चालू झालं. मला रडू आलं. त्यांच्याकडे पाठ होती ते बरं झालं. अठ्ठावीस वर्षं मी ज्या माणसाला सगळ्यात जास्त फसवलं, त्यानं आधी माझे मार्क विचारले होते.

मग ते म्हणाले, "तुझी आई मात्र सुमतीवर उगाच डूख धरून बसली. लाव तिला फोन. मी माझं सांगतो, तू तुझं सांग." सुमतीकाकू अजून ट्रॉयलाच आहेत, मुलाकडे. मी फोन स्पीकरवर ठेवला. आधी बाबांनी सांगितलं, मग मी.

"अहो दातार," काकू म्हणाल्या, "पण मी पाटणकरांनाच दिलं होतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"कार्यक्रम वेळेवर सुरू करीन म्हणाले होते ना ते. माझी पोरं तेव्हा लहान, अर्ध्या नाटकातच झोपायची. मला वाटलं, दातार तर येणारच आहेत, माझ्या एका मतानं काय होतंय." मग म्हणाल्या, "मृणाल, तुझ्या आईनं ओळखलं होतं गं. तिनं ओळखलंय हे मलाही कळलं होतं. म्हणून तर कधी विचारायला आले नाही. कुठल्या तोंडानं यायचं?"

फोन ठेवल्यावर बाबांनी मतपत्रिका घडी करून पाकिटात घातली. पाकिटावर सही करावी लागते. ती त्यांनी सावकाश केली, आणि सवयीनं खाली दोन रेघा मारल्या, आता त्या सरळ येत नाहीत. पाकीट माझ्याकडे सरकवून ते चष्मा पुसत बसले.

"म्हणजे तीन मतांच्या घरातून मला एकच पडलं," ते म्हणाले. "आणि त्यावरही नाव तुझंच होतं."